प्लेटलेटचं काम रोखणारी औषधं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अँजिओप्लास्टी झालेला किंवा पक्षाघात येऊन गेलेला माणूस घरात असला, की औषधांच्या डब्यात ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर यांपैकी एखादी गोळी असतेच. ही सगळी रासायनिक प्रक्रियेनं बनवलेली द्रव्यं आहेत आणि त्यांचं काम एकच, रक्तातल्या प्लेटलेटना अडवणं. रक्त तपासायला येणारी माणसं या गोळ्यांबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. बहुतेकांचा गोंधळ एकाच ठिकाणी होतो. प्लेटलेट किती आहेत ही एक गोष्ट आणि त्या काम कसं करतात ही दुसरी. नेहमीच्या रिपोर्टवर पहिली दिसते, गोळी मात्र दुसरीवर चालते.

प्लेटलेट म्हणजे नेमकं काय?

डेंग्यूच्या दिवसांत "पेशी कमी झाल्यात" असं ज्यांच्याबद्दल म्हणतात, त्या याच. खरं तर त्या पूर्ण पेशी नव्हेत. अस्थिमज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाच्या अवाढव्य पेशी असतात, त्यांचे हे सुटून आलेले तुकडे. व्यास जेमतेम २ ते ३ मायक्रॉन. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात आणि प्रत्येकीचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं. इटलीतल्या ज्युलिओ बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये त्यांचं काम नीट ओळखलं आणि मांडलं.

प्लेटलेटला केंद्रक नसतं, एवढं लक्षात ठेवा. ॲस्पिरिनची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे.

जखमेतून वाहणारं रक्त त्या कशा थांबवतात?

विळीवर बोट कापलं की रक्तवाहिनीचं अस्तर फाटतं आणि आतलं कोलॅजेन हे प्रथिन उघडं पडतं. जवळून जाणाऱ्या प्लेटलेट त्याला चिकटतात. चिकटल्या की त्यांचा आकार बदलतो. एरवी त्या चपट्या असतात, आता गोल होतात आणि त्यांना काटे फुटतात. मग त्या आपल्या पोटातली रसायनं बाहेर सोडतात. त्यात एडीपी महत्त्वाचं. शिवाय थ्रॉम्बॉक्सेन ए२ नावाचं आणखी एक द्रव्य त्या तिथल्या तिथे तयार करतात. या दोन हाकांनी आणखी प्लेटलेट जमतात.

शेवटचं पाऊल एकमेकींना धरण्याचं. प्रत्येक प्लेटलेटच्या पृष्ठभागावर जीपी२बी/३ए नावाचे सुमारे ८०,००० ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे ठरावीक रेणू पकडणाऱ्या जागा) असतात. एरवी ते मिटलेले असतात. प्लेटलेट जागी झाली की ते उघडतात आणि रक्तातलं फायब्रिनोजेन हे प्रथिन पकडतात. फायब्रिनोजेनचं एक टोक एकीच्या हातात, दुसरं टोक दुसरीच्या. अशी गाठ बनते.

बोटाच्या बाबतीत हे सगळं हवंहवंसं. पण हृदयाच्या धमनीत चरबीचा थर फुटला तर प्लेटलेटना तीही जखमच वाटते. तिथेही त्या तशाच धावतात, वाट बंद होते आणि हार्ट अटॅक येतो. औषधं याच साखळीच्या वेगवेगळ्या कड्या तोडतात. ॲस्पिरिन थ्रॉम्बॉक्सेनची हाक बंद करतं, क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या एडीपीची हाक ऐकू येऊ देत नाहीत आणि टिरोफिबानसारखी इंजेक्शनं शेवटची पकडच होऊ देत नाहीत.

ॲस्पिरिन रक्तात अर्धा तासही टिकत नाही म्हणतात. मग दिवसातून एकच गोळी कशी पुरते?

ॲस्पिरिनचं रक्तातलं अर्धआयुष्य, म्हणजे त्याचं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, १५ ते २० मिनिटांचं आहे, हे खरं. पण तेवढ्या वेळात ते आपलं काम उरकतं. प्लेटलेटमध्ये कॉक्स-१ हे विकर (एन्झाइम) थ्रॉम्बॉक्सेन बनवायला लागतं. ॲस्पिरिन आपला ॲसिटिल गट या विकराच्या सेरिन नावाच्या एका घटकावर कायमचा चिकटवून टाकतं आणि विकराची वाट बंद होते. दुसऱ्या एखाद्या पेशीनं नवं विकर बनवलं असतं. प्लेटलेटला केंद्रक नाही, त्यामुळे नवं विकर बनवायची सोय जवळपास नाही. त्या प्लेटलेटचं थ्रॉम्बॉक्सेन ती मरेपर्यंत बंद.

शरीर रोज साधारण दहा टक्के प्लेटलेट नव्या आणतं. रोजची गोळी असते ती या नव्या भरतीसाठी. एखादा दिवस चुकला म्हणून लगेच आभाळ कोसळत नाही. पण चार-पाच दिवस चुकले, तर रक्तात काम करणाऱ्या प्लेटलेट पुरेशा झालेल्या असतात.

हा शोध एका दमात लागलेला नाही. ॲस्पिरिन बायर कंपनीत १८९७ मध्ये तयार झालं आणि १८९९ मध्ये बाजारात आलं, ते ताप आणि दुखण्यावरचं औषध म्हणून. पुढे कॅलिफोर्नियातले लॉरेन्स क्रेव्हन हे साधे जनरल प्रॅक्टिशनर. टॉन्सिल काढल्यावर ॲस्पिरिनचं च्युइंग गम चघळणाऱ्या रुग्णांना जास्त रक्तस्राव होतो, हे त्यांना दिसलं. त्यावरून त्यांनी हृदयविकार टाळण्यासाठी ॲस्पिरिन द्यायला सुरुवात केली आणि १९५० च्या आसपास ते लिहून छापलंही. फारसं कुणी ऐकलं नाही. ॲस्पिरिन नेमकं काय अडवतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. थ्रॉम्बॉक्सेन ए२ सापडलं १९७५ मध्ये, स्वीडनच्या बेंग्ट सॅम्युएल्सन यांच्या गटाला. या दोघांना सुने बर्गस्ट्रॉम यांच्यासह १९८२ चं नोबेल मिळालं. आणि १९८८ मध्ये १७,१८७ रुग्णांवरच्या आयसिस-२ या चाचणीचा निकाल आला. हार्ट अटॅकनंतर लगेच सुरू केलेल्या ॲस्पिरिनमुळे पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांचे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले होते. इतक्या स्वस्त गोळीनं इतके जीव वाचावेत, याचं आजही मनापासून कौतुक वाटतं. क्रेव्हन मात्र हे पाहायला उरले नव्हते.

७५ मि.ग्रॅ. कमी पडत असेल, तर जास्त घेतलेलं बरं नाही का?

नाही. रोज ७५ ते १०० मि.ग्रॅ.मध्ये प्लेटलेटचं थ्रॉम्बॉक्सेन जवळजवळ पूर्ण बंद होतं. त्यापुढे वाढतो तो पोटाचा त्रास. जठराच्या अस्तराचं रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिनही कॉक्स-१ वरच अवलंबून असतात. आवरण असलेली गोळी घेतली म्हणजे पोटाला धोका उरला नाही, असंही नाही. औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतंच.

अटॅकच्या वेळची गोष्ट वेगळी. तेव्हा ३०० ते ३२५ मि.ग्रॅ. एकदम देतात आणि चावून खायला सांगतात, कारण मिनिटं मोजायची असतात. तिथे आवरण असलेली गोळी अख्खी गिळून उपयोग नाही.

क्लोपिडोग्रेल काहींना लागू पडत नाही, हे खरं आहे का?

खरं आहे आणि आपल्याकडच्या वाचकांनी हे नीट समजून घ्यावं. क्लोपिडोग्रेल पोटात जातं तेव्हा ते निष्क्रिय असतं. त्यातलं साधारण ८५ टक्के शरीर वाटेतच मोडून निकामी करतं. उरलेल्याचं यकृत दोन टप्प्यांत खऱ्या औषधात रूपांतर करतं. हे खरं औषध प्लेटलेटवरच्या पी२वाय१२ या एडीपी-ग्राहकाला कायमचं जखडतं.

यकृतातल्या या कामात सीवायपी२सी१९ या विकराचा मोठा वाटा आहे. काही जणांच्या जनुकात जन्मतः असा बदल असतो की हे विकर मंद चालतं किंवा चालतच नाही. गोळी तीच, डोस तोच, पण प्लेटलेटवर परिणाम तोकडा. दक्षिण आशियातल्या लोकांत असा बदल युरोपीय लोकांपेक्षा बराच जास्त आढळतो. अमेरिकेच्या औषध नियामकानं २०१० मध्ये याबद्दल क्लोपिडोग्रेलच्या माहितीपत्रकात ठळक चौकटीत इशारा छापायला लावला.

म्हणून प्रत्येकानं जनुक तपासणी करावी का? सरसकट नाही. पण नियमित गोळी घेऊनही स्टेंटमध्ये (अँजिओप्लास्टीत धमनीत बसवलेल्या तारेच्या जाळीत) गुठळी झाली, तर हा प्रश्न डॉक्टरांकडे जरूर काढावा.

प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलोर यांत फरक काय?

दोन्ही त्याच पी२वाय१२ ग्राहकावर चालतात, दोन्ही क्लोपिडोग्रेलपेक्षा जोरकस. प्रासुग्रेललाही यकृतातून जावं लागतं, पण त्याचं रूपांतर भरवशाचं आहे. पकड कायमची. पूर्वी पक्षाघात येऊन गेलेल्यांना ते देत नाहीत. पंचाहत्तरीच्या पुढचे आणि ६० किलोपेक्षा कमी वजनाचे रुग्ण असतील, तर हात राखून देतात.

टिकाग्रेलोरला यकृतानं सक्रिय करायची गरज नाही. ते ग्राहकाला धरतं आणि सोडतं, त्यामुळे दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. संध्याकाळची गोळी विसरली तर इथे फरक पडतो. १८,६२४ रुग्णांच्या प्लेटो चाचणीत २००९ मध्ये ते क्लोपिडोग्रेलपेक्षा सरस ठरलं. मात्र साधारण १४ टक्के रुग्णांना दम लागल्यासारखं वाटलं. हा दम बहुधा औषधाचाच असतो आणि हळूहळू कमीही होतो. पण हृदयाच्या रुग्णाला दम लागला, तर घरी बसून ठरवू नये, डॉक्टरांना सांगावं. तसंच गोळी परस्पर बंदही करू नये.

टिरोफिबान सापाच्या विषापासून बनवतात का?

बनवत नाहीत, पण कल्पना तिथूनच आली. आणि तो साप आपल्या ओळखीचा आहे. कोकणात, विशेषतः रत्नागिरी-सिंधुदुर्गात, दगडाखाली आणि पाचोळ्यात दडणारं फुरसं. त्याच्या विषात इचिस्टॅटिन नावाचं एक छोटं प्रथिन असतं. फायब्रिनोजेन प्लेटलेटच्या ग्राहकात जिथे बसतं, नेमक्या त्याच जागी हे प्रथिन जाऊन बसतं. आर्जिनिन, ग्लायसिन आणि ॲस्पार्टिक आम्ल अशी तीन अमिनो आम्लांची एक ओळ त्यात आहे, ती ही किमया करते. रसायनशास्त्रज्ञांनी त्या तिघांच्या मांडणीची नक्कल करणारा, प्रथिन नसलेला छोटा रेणू बनवला. तोच टिरोफिबान. एप्टिफिबाटाइड हे दुसरं औषध अमेरिकेतल्या बुटक्या रॅटलस्नेकच्या विषातल्या प्रथिनावरून बेतलेलं. दोन्हींना अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली.

फुरसं चावल्यावर रक्त थांबत नाही ते एवढ्याच कारणानं नव्हे, बरं का. त्या विषातली इतर द्रव्यं रक्त गोठवणारी प्रथिनं संपवून टाकतात आणि खरा घात त्यानं होतो. तिथे उपाय प्रतिविषाचाच.

टिरोफिबान सलाईनमधून देतात, तेही अँजिओप्लास्टीच्या टेबलावर किंवा आयसीयूत. ते बंद केलं की काही तासांत प्लेटलेट पुन्हा कामाला लागतात. मात्र काही थोड्या रुग्णांत या औषधानं प्लेटलेटची संख्याही झपाट्यानं, अगदी काही तासांत, खाली येते. त्यामुळे इथे काउंटवर लक्ष ठेवावंच लागतं.

ॲस्पिरिन घेतोय, तरी रिपोर्टमध्ये प्लेटलेट अडीच लाखच. गोळीचा उपयोग होत नाही का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. सीबीसीचं, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीचं, यंत्र प्लेटलेट मोजतं. ती चिकटते की नाही, हे ते बघत नाही. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलनं काउंट कमी होणं अपेक्षितच नाही. निसर्गात याचा पुरावा आहे. ग्लांझमान यांनी १९१८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वर्णन केलेल्या एका आनुवंशिक आजारात जीपी२बी/३ए हा ग्राहकच नसतो किंवा बिघडलेला असतो. अशा मुलांचा काउंट बहुधा अगदी नॉर्मल, पण हिरड्यांतून, नाकातून रक्त थांबता थांबत नाही.

काम तपासायचं तर वेगळी चाचणी लागते. गुस्ताव्ह बॉर्न यांनी १९६२ मध्ये मांडलेली ॲग्रेगोमेट्री ही त्यातली पायाभूत. सायट्रेटच्या ट्यूबमध्ये रक्त घेतात, तेही शिरेतून एका झटक्यात मिळालेलं. सुई दोन-तीनदा फिरवली तर प्लेटलेट तिथेच जाग्या होतात आणि नमुना वाया जातो. ट्यूब फ्रिजमध्ये ठेवायची नाही, थंडीनंही त्या बिघडतात. रक्त हळू फिरवून लाल पेशी खाली बसवल्या की वर पिवळसर, गढूळ द्रव उरतो. तो उजेडासमोर धरून हलवला की निरोगी प्लेटलेटची एक चकाकी त्यात फिरताना दिसते.

हा द्रव ३७ अंशांवर, बारीक चुंबकीय दांडीनं ढवळत, प्रकाशाच्या किरणासमोर ठेवतात. थेंबभर एडीपी किंवा ॲराकिडोनिक आम्ल (थ्रॉम्बॉक्सेनचा कच्चा माल) घातलं की मिनिटा-दोन मिनिटांत, दूध नासल्यावर होतं तसं, पांढरे कण वेगळे होतात आणि द्रव नितळ होत जातो. जितका नितळ, तितका प्रकाश पार. यंत्र त्याचा आलेख काढतं. ॲस्पिरिन नियमित घेणाऱ्याच्या नमुन्यात ॲराकिडोनिक आम्ल घातलं तर आलेख जवळजवळ सपाट जातो. काउंट अडीच लाख आणि आलेख सपाट. गोळी काम करते आहे.

रोजच्या उपचारात ही चाचणी प्रत्येकाला लागत नाही. नमुना काही तासांतच तपासावा लागतो, हात सरावाचा लागतो. गोळी नियमित चालू असेल, तर तेवढं बहुतेकांना पुरतं.

संशोधक प्रयोगशाळेत वेगळेच "इनहिबिटर" वापरतात, ते कशासाठी?

इनहिबिटर म्हणजे एखाद्या विकराला किंवा प्रक्रियेला अडवणारं रसायन. ते औषधं म्हणून नव्हे, प्लेटलेटच्या आतली यंत्रणा उलगडण्यासाठी. बाप्टा हे द्रव्य प्लेटलेटच्या आतलं मोकळं कॅल्शियम पकडून ठेवतं. वाय-२७६३२ हे रो-कायनेज नावाचं विकर अडवतं आणि प्लेटलेटचा आकार बदलण्यात व्यत्यय येतो. एलवाय२९४००२ हे पीआय-३-कायनेज हे दुसरं विकर अडवण्यासाठी वापरतात. एक कडी बंद करायची आणि पुढचं काय थांबतं ते पाहायचं, अशी ही पद्धत.

इथे एक सावधगिरी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावीशी वाटते. कोणताही असा रेणू फक्त एकाच विकराला अडवतो, असं सहसा नसतं. एलवाय२९४००२ इतर कायनेजही अडवतं. मात्रा वाढवली की नेम आणखी सुटतो. एकाच रसायनावर भिस्त ठेवून "हे विकर प्लेटलेटला लागतं" असं ठोकून देऊ नये. वेगळ्या रचनेचा दुसरा रेणू वापरूनही तेच दिसतं का, ते बघावं. आणि ही द्रव्यं बहुधा डीएमएसओमध्ये विरघळवतात. तो द्रावकही जास्त झाला तर प्लेटलेटना मंद करतो. म्हणून नुसता डीएमएसओ घातलेली ट्यूब शेजारी हवीच.

ॲसिट्रोम आणि ॲस्पिरिन एकच ना?

नाही. ॲसिट्रोम आणि वॉरफेरिन यकृतात बनणाऱ्या, रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांवर चालतात आणि त्यांचा परिणाम आयएनआरवर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेच्या तपासणीवर, कळतो. ॲस्पिरिननं आयएनआर बदलत नाही. दोन्ही एकदम चालू असतील, तर रक्तस्रावाचा धोका चांगलाच वाढतो.

गुडघे दुखतात, ॲसिडिटी होते. कोणती गोळी चालेल?

आयब्युप्रोफेन कॉक्स-१ च्या त्याच वाटेत तात्पुरतं जाऊन बसतं. ते आधी पोचलं तर ॲस्पिरिनला जागाच मिळत नाही आणि ते रक्तातून निघून जातं. काही तासांनी आयब्युप्रोफेन उठतं आणि प्लेटलेट मोकळी. म्हणजे ॲस्पिरिन घेऊनही न घेतल्यासारखं. दुखण्यासाठी शक्यतो पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून.

क्लोपिडोग्रेल चालू असेल, तर ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळतात, कारण ती दोन्ही सीवायपी२सी१९ लाच मंद करतात. पँटोप्राझोलचा तसा त्रास कमी. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या आणि रक्ताच्या कर्करोगावरचं इब्रुटिनिब यांनीही प्लेटलेटचं काम मंदावतं. म्हणून सगळ्या गोळ्यांची यादी एकाच डॉक्टरांना दाखवा.

दाढ काढायची आहे. गोळी बंद करू का?

स्वतःहून अजिबात नको. दाढ काढण्यासाठी बहुतेक वेळा ॲस्पिरिन बंद करावं लागत नाही, दाबून धरून आणि टाके घालून रक्त थांबवता येतं. मोठ्या शस्त्रक्रियेआधी क्लोपिडोग्रेल साधारण ५ दिवस, प्रासुग्रेल ७ दिवस आणि टिकाग्रेलोर ३ ते ५ दिवस थांबवतात. पण स्टेंट नुकताच बसवला असेल, तर तातडीची नसलेली शस्त्रक्रियाच पुढे ढकलतात. नव्या स्टेंटच्या तारेवर अजून अस्तर चढलेलं नसतं. अशा वेळी ॲस्पिरिन आणि तिच्यासोबतची क्लोपिडोग्रेलसारखी गोळी, दोन्ही अचानक थांबवल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन जीव जाऊ शकतो. निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून घ्यायचा.

स्टेंट आहे आणि डेंग्यू झाला. आता?

ही खरोखर अवघड वेळ. इकडे संख्या घसरते आहे, तिकडे उरलेल्या प्लेटलेटही गोळीनं जखडलेल्या. ७०,००० काउंट असलेला ॲस्पिरिनवरचा रुग्ण आणि ७०,००० काउंट असलेला बिनगोळीचा रुग्ण सारखे नव्हेत. गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हे काउंट, रक्तस्राव आणि स्टेंट किती जुना आहे, यावर ठरतं. दवाखान्यात पोचल्या पोचल्या, कुणी विचारायची वाट न बघता, स्टेंटची तारीख आणि गोळ्यांची नावं सांगा.

ज्यांना एरवी अशी गोळी चालू नाही, त्यांनी पावसाळ्यातल्या तापात ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊच नये. लहान मुलांना तर व्हायरल तापात ॲस्पिरिन द्यायचंच नाही. त्यांना राय सिंड्रोम या गंभीर आजाराचा धोका असतो.

मला काहीच आजार नाही. साठीनंतर रोज एक ॲस्पिरिन सुरू करू का?

शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून नको. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या १९,११४ निरोगी वृद्धांवरच्या ॲस्प्री चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला. रोजच्या १०० मि.ग्रॅ. ॲस्पिरिननं धडधाकट आयुष्य वाढलं नाही, मोठे रक्तस्राव मात्र वाढले. अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेलेल्यांचा हिशेब वेगळा. त्यांना फायदा स्पष्ट आहे.

ॲस्पिरिन घेणाऱ्याला रक्तदान करता येतं का?

गोळी कशासाठी चालू आहे, त्यावर अवलंबून. हृदयविकारासाठी असेल तर त्या आजारामुळेच रक्त घेत नाहीत. अंगदुखीसाठी एखादी गोळी घेतली असेल, तर संपूर्ण रक्त देता येतं. पण यंत्रावर फक्त प्लेटलेट द्यायच्या असतील, तर काही दिवस थांबायला सांगतात, कारण त्या पिशवीतली प्रत्येक प्लेटलेट एकाच दात्याची असते आणि ती जखडलेली असेल तर घेणाऱ्याला उपयोग नाही. रक्तपेढीच्या अर्जावर "गेल्या काही दिवसांत कोणती औषधं घेतली" हा रकाना असतो. सर्दीसाठी घेतलेली गोळीही तिथे लिहा, तिच्यातही ॲस्पिरिन असू शकतं.